आठवड्याचे अडीचशे पौंड

तुम्ही आधी स्टॉकपाइल शोधता. सवयच तशी लागलेली आहे. फायरफ्लाय स्टुडिओजनं २००१ साली काढलेल्या ‘स्ट्राँगहोल्ड’ या गेमपायी ज्यांनी रात्री जागवल्या, त्या सगळ्यांची नजर नव्या मुलखात अशीच फिरते. झाडं कुठे, दगड कुठे, साठा कुठे आणि तिथून इथवर यायला माणसाला किती पावलं पडतात? फक्त आज नकाशा नाही आणि माऊसही नाही. घोट्यापर्यंत चिखल आहे, समुद्रावरचा वारा कानशिलं सोलून काढतोय, आणि समोर माथा नसलेल्या भिंतींचा एक अवाढव्य वेढा उभा आहे.

फेब्रुवारी १२९६. वेल्सच्या वायव्य टोकाला अँगलसी नावाचं बेट आहे, त्याच्या आणि मुख्य भूमीच्या मधे मेनाईची सामुद्रधुनी. तिच्या काठच्या दलदलीत इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड ब्युमॅरिसचा किल्ला बांधतोय. काम गेल्या एप्रिलात सुरू झालं. पाण्यापलीकडे स्नोडोनियाचे डोंगर बर्फ पांघरून बसलेत. तुमच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. अडीच-तीन हजारांच्या गर्दीत एक माणूस वाढला तर कुणाला कळणार?

स्टॉकपाइल काही सापडत नाही, कारण इथे साठा एका जागी नाहीच. गेममध्ये साठ्याचे चौकोन एकमेकांना चिकटूनच टाकावे लागतात, त्यामुळे सगळी गणितं त्या एका ठिकाणाभोवती फिरतात. लाकूडतोड्या झाडाकडे जातो, तोडतो, झोपडीत येऊन कापतो, फळ्या साठ्यात टाकतो, पुन्हा निघतो. कुऱ्हाड चालवण्यापेक्षा त्याचा जास्त वेळ चालण्यात जातो, हे ज्याला उमगलं तो खेळाडू पुढे गेला. इथे चुनखडीचा ढीग भट्ट्यांजवळ आहे, घडीव चिरे पाथरवटांच्या छपराखाली, लाकूड किल्ल्याच्या आत आणि वाळू उघड्यावर पडलेली. प्रत्येक माल, जिथे लागणार त्याच्या शक्य तितक्या जवळ उतरवलेला. तुम्ही मनातल्या मनात मान डोलावता. कुणीतरी जाणकार आहे इथे.

तो जाणकार म्हणजे मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज. आल्प्सकडच्या सॅव्हॉयचा माणूस, रोजचा मेहनताना तीन शिलिंग. साध्या बिगाऱ्याला आठवडाभर राबून सात-आठ पेनी मिळतात आणि एका शिलिंगात बारा पेनी असतात. तेव्हा मास्टर जेम्सचा एक दिवस म्हणजे बिगाऱ्याचा जवळजवळ सव्वा महिना. पण पैसे फुकट जात नाहीत हे काठावर गेल्यावर कळतं.

भरती चढतेय. मेनाईत मोठ्या उधाणाला पाणी सात मीटरपर्यंत चढतं-उतरतं, त्यामुळे इथला दिवस सूर्यावर नाही, पाण्यावर चालतो. एक बोट आत येते, बुडाशी दगड आणि वर दगडी कोळसा. ती टेकते न टेकते तोच पाचपन्नास माणसं तिच्यावर तुटून पडतात. दोघादोघांनी धरायची दांड्यांची लाकडी डोली आहे. एक पुढे, एक मागे, मधे दोन चिरे. पुढच्याच्या पायाखाली फळी आहे, मागच्याला पुढच्याच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही. फळी ओली आहे. कुणी ओरडत नाही, कारण ओरडायला दम लागतो. बोट हलकी होते तशी पाण्यावर वर येते आणि फळीचा उतार बदलतो. म्हणजे शेवटच्या खेपांना चढ वेगळा. पाणी ओसरायच्या आत ती रिकामी व्हायला हवी, नाहीतर पुढच्या भरतीपर्यंत चिखलात रुतून बसेल आणि मागून येणाऱ्या बोटीची जागा अडवेल.

गेममध्ये दगडाची अडचण ही बैलाची अडचण असते. खाणीत माणसं कितीही राबोत, ऑक्स टेदरचा, म्हणजे खुंट्यावरचा, बैल येऊन दगड उचलत नाही तोवर खाणीतला ढीग साठ्यात मोजलाच जात नाही. म्हणून मुरलेला खेळाडू एका खाणीला दोन-तीन बैल लावतो आणि टेदर खाणीला खेटून बांधतो. मास्टर जेम्सचं गणित याच जातीचं आहे, आकडे तेवढे मोठे. त्याला १०० छकडे, ६० मोठ्या गाड्या आणि ३० बोटी लागतात, आणि या सगळ्यांना माल पुरवायला खाणीत माणसं फक्त २००. खोदणाऱ्यांच्या मानानं वाहणाऱ्यांचा ताफा केवढा, ते बघा. त्या काळात दगड गाडीनं काही मैल नेला की भाडं दगडाच्या किमतीला गाठायला लागायचं. पाण्यावरून तेच वजन कितीतरी स्वस्तात जायचं. म्हणून एडवर्डचे उत्तर वेल्समधले मोठे किल्ले बघा: कॉनवी, कार्नार्व्हन, हार्लेख आणि हा. चारही ठिकाणी समुद्रातून रसद आणता येईल अशी जागा निवडलेली. वेढा पडला तर धान्य यावं हे कारण तर होतंच. पण किल्ला उभा राहायच्या आधी किल्ल्याचा दगडही त्याच वाटेनं यायचा असतो, हे कारण मला तितकंच वजनदार वाटतं.

इथे एक खाडी खोदून धक्काही बांधतायत. तो झाला की भरतीला चाळीस टनांचं जहाज भरल्या पोटी थेट दरवाज्याशी लागेल. म्हणजे साठा आणि बाजारपेठ यांच्यातलं अंतर शून्य. गेममध्ये इतकी नामी जागा मिळाली असती तर तुम्ही स्क्रीनशॉट काढून मित्रांना पाठवला असता.

आता भट्टीकडे चला. इथे तुमचा खेळातला अनुभव संपतो. गेममध्ये साठ्यात दगड असला की माऊस ओढायचा, भिंत तयार. गवंडी नाही, परांची नाही, चुना तर नावालाही नाही. इथे आतल्या तटाची जाडी साडेचार मीटरच्या वर आहे. दोन्ही बाजूंना घडीव दगडाचं तोंड, आणि मधल्या पोटात ओबडधोबड दगड आणि चुना, चुना, चुना. त्या पोटाची भूक भागवायला माणसं हिवाळाभर बसून दगड फोडतायत. अंगण सारवावं तशी जागा साफ केलेली, त्यावर रांगेनं बसलेली माणसं, हातात हातोडे, मुठीएवढे तुकडे व्हायला हवेत. मोठे राहिले तर आतून कच्चे राहतात, फार बारीक झाले तर भट्टीत हवा खेळत नाही. भट्टीत कोळशाचा एक थर आणि चुनखडीचा एक थर, असे रचत जायचे आणि पेटवायची. नऊशे अंशांच्या आसपास धग पोचली की दगडातला वायू उडून जातो, आणि मूळ वजनातलं जवळजवळ निम्मं त्याच्याबरोबर. उरतो तो कळीचा चुना. त्यावर पाणी ओतलं की तो सळसळतो, उकळतो, फुटतो. एक पोऱ्या तोंडावर फडकं बांधून लांब दांड्याच्या फावड्यानं तो ढवळतोय. त्याच्या मनगटावरची कातडी जागोजागी पांढरी पडून सोललेली आहे. थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो. आपल्याकडच्या गडांवर बैलानं फिरवायचा दगडी चाकाचा घाणा तुम्ही पाहिला असेल. इथे चुना-वाळू मळायचं काम माणसांच्या दंडावर आहे.

या किल्ल्याच्या हिशेबात दगडी कोळसा २,४२८ टन नोंदलेला आहे. तो शेकोटीसाठी नव्हे, चुन्यासाठी. म्हणजे भिंत उठायच्या आधी दूरवरून एक काळा डोंगर आणून जाळावा लागला. खेळाडूच्या भाषेत सांगायचं तर साखळीत एक अख्खा कारखाना आहे जो गेमनं गाळलाय: खाण, बोट, भट्टी, पाणी, वाळू, मळणी आणि मग कुठे गवंडी. आणि या साखळीला थंडीची भीती. ओला चुना गोठला की सुटतो. म्हणून हिवाळ्यात अशा भिंतींचे माथे गवतानं-शेणानं झाकून ठेवायची रीत होती आणि बांधणी बहुधा वसंतापर्यंत थांबायची. माणसं मात्र इथे थांबलेली नाहीत. चुना करून ठेवा, दगड घडवून ठेवा, हंगाम आला की नुसतं रचत सुटायचं. बफर स्टॉक म्हणतात तो हाच.

पाथरवटांच्या छपरापाशी थोडा वेळ रेंगाळा. ४०० पाथरवट-गवंडी आणि २,००० बिगारी, म्हणजे एका कसबी हातामागे पाच अडाणी हात. गेममध्ये बेकऱ्या आणि गिरणी यांचं प्रमाण बसवताना तुम्ही किती डोकं खाजवलं होतं! एका गिरणीचं पीठ कित्येक बेकऱ्यांना पुरतं, हे कळल्यावर जास्तीच्या गिरण्या पाडून टाकल्या होत्या. इथलं प्रमाणही कुणीतरी असंच अनुभवानं बसवलेलं आहे. कोपऱ्यात लोहार. तीस लोहार कशाला, तलवारी करायला? नाही. गेममधला लोहार तलवार आणि गदाच करतो, पण इथल्या लोहाराच्या पुढ्यात बोथट झालेल्या टाक्यांचा आणि पाथरवटी कुऱ्हाडींचा ढीग आहे. चुनखडी हत्याराची धार खाते. पाथरवटाचं पोरगं बोथट टाक्या टाकून धारदार उचलतं आणि पळतं. लोहाराचा भाता थांबला की छपराखालचा आवाजही हळूहळू विरळ होत जातो. शिवाय खिळे: हिशेबात एक लाख पाच हजार. परांच्या, फळ्या, दारं, छपरं, सगळं खिळ्यांवर.

एवढी माणसं राहतात कुठे? किल्ल्याच्या आतच, लाकडी घरांमध्ये. गेल्या जुलैत खुद्द राजा इथे येऊन राहिला तेव्हा तोही आतल्या पटांगणातल्या गवताच्या छपराखालीच झोपला, आणि ॲडम ऑफ क्लिथरो नावाच्या वादकानं त्याला हार्प ऐकवली. गेममध्ये हॉव्हेल, म्हणजे रयतेच्या झोपड्या, नकाशाच्या कोपऱ्यात कुठेही टाकल्या तरी चालतात, कारण तिथली माणसं झोपायला घरी जातच नाहीत. इथे जातात. आणि बाहेर झोपायची सोय नाही, कारण बाहेर शत्रू आहे.

हेही गेममध्ये वेगळं आहे. तिथे रयत कुठूनशी येते, वाड्यासमोरच्या शेकोटीभोवती बसते आणि काम दिलं की उठते. इथे मैलभर अंतरावर लानवाइस नावाचं भरभराटीचं वेल्श गाव होतं, बंदर होतं, व्यापार होता. १२९४ मध्ये मॅडॉग अप लेवेलिननं इंग्रजांविरुद्ध बंड केलं, अँगलसीचा शेरीफ त्यात मारला गेला, आणि बंड मोडल्यावर राजानं ठरवलं की बेटावर किल्ला हवा. किल्ल्याशेजारी इंग्रजांचं नवं नगर हवं, आणि त्या नगराच्या धंद्याला शेजारी स्पर्धा नको. लानवाइसच्या लोकांना तिथून उठवून बाराएक मैलांवर बेटाच्या दुसऱ्या टोकाला वसवायचं ठरलं. त्या वस्तीला न्यूबरो नाव पडलं. लेआउटमधली अडचण खोडून टाकायची आणि मोकळ्या जागेत आपलं बांधायचं, हे तुम्ही शेकडो वेळा केलंय. एक झोपडी, एक क्लिक. इथल्या माणसांनी घराची लाकडं सोबत नेली की नाही हे तुम्हाला विचारावंसं वाटतं, पण विचारणार कुणाला? कामावर दिसणारे बहुतेक इंग्रज आहेत. राजाच्या वेल्समधल्या कामांसाठी इंग्लंडच्या लांबलांबच्या परगण्यांतून माणसं धरून आणली जात, वाटेत पळू नयेत म्हणून प्रसंगी घोडेस्वारांच्या पहाऱ्यात.

दुपारी पगाराच्या टेबलाशी गर्दी दिसते. आवाज चढलेले आहेत. कारकुनासमोर वही आहे, पेटी आहे, पण पेटीत नाणी नाहीत. माणसाच्या तळहातावर तो चामड्याचा एक छोटा बिल्ला ठेवतो. बिल्ला म्हणजे ‘तुमचे पैसे देणं लागतो’. माणूस तो उलटसुलट करून बघतो. पाववाला घेईल का हा? घेतला तर पूर्ण भावानं घेईल का? रांगेतला पुढचा माणूस बिल्ला न घेताच बाजूला होतो आणि खोऱ्याला टेकून उभा राहतो.

‘स्ट्राँगहोल्ड’मध्ये तुम्ही कर लावता, रेशन कमी-जास्त करता, लोकप्रियतेचा आकडा घसरला की दारूचा गुत्ता उघडता. पण एक गोष्ट तुम्ही कधीच करत नाही: लाकूडतोड्याला मजुरी देत नाही. पाथरवटाला नाही, पाववाल्याला नाही. पैसा कामकऱ्याकडून मालकाकडे वाहतो. म्हणून तिथे रिकामा बसलेला माणूस फक्त वेळ खातो. ब्युमॅरिसमध्ये पैसा उलट्या दिशेनं वाहतो. बोट भरतीला पोचली नाही, भट्टी विझली, लोहार आजारी पडला, तरी शनिवार येतोच. अंतर कमी करायचं ते वेळ वाचवायला नव्हे, पेनी वाचवायला. आणि धान्याचं कोठारही इथे मालकाचं नाही. मजुरानं मजुरीतून पाव विकत घ्यायचा असतो. मजुरी थांबली की कोठार भरलेलं असो नसो, त्याचं पोट रिकामं.

हिशेब करून बघा. आठवड्याला अडीचशे पौंड लागतात. एका पौंडात २४० पेनी, म्हणजे साठ हजार चांदीची नाणी. एक पेनी सुमारे १.४४ ग्रॅमची, तेव्हा दर आठवड्याला ८६ किलोच्या आसपास चांदी, मोजून, पेट्यांत भरून, बंडखोर मुलखातून पहाऱ्यात आणायची. चांदी आली नाही की दुसऱ्या कशातूनच काही होत नाही. दगड आहे, कोळसा आहे, हात आहेत, जगातला बहुधा सगळ्यात देखणा आराखडा आहे: तटाच्या आत तट, दोन्ही बाजूंना सारखे बुरूज, आत शिरलेल्या शत्रूवर चारी बाजूंनी बाण. आणि सगळं एका पेटीवर अडलेलं.

२७ तारखेला तुम्ही कॉनवीत आहात, खाडीपलीकडे. खोलीत मास्टर जेम्स आहे आणि बांधकामाचा हिशेबनीस वॉल्टर ऑफ विंचेस्टर. वेस्टमिन्स्टरच्या खजिन्याला पत्र चाललंय, फ्रेंचमध्ये, कारण साहेबांची कामकाजाची भाषा तीच. खजिन्यानं विचारलंय की काम कुठवर आलं, आणि पुढच्या हंगामाला किती करायचं. सूर अदबीचा आहे, पण खाली राग खदखदतोय. भिंत कुठे २८ फूट उंच झाली, सगळ्यात बुटकी आहे तिथेही २० फूट. बाहेरचे दहा बुरूज आणि आतले चार सुरू केले. चार दरवाजे बसवले, रोज रात्री कुलूप लागतं. माणसं हिवाळाभर कामावर ठेवली. एवढा पैसा आठवड्यात जातो कुठे असं वाटत असेल तर हे घ्या, असं म्हणून ते गवंडी, बिगारी, छकडे, बोटी, लोहार सगळं मांडतात. शिवाय शिबंदी: दहा घोडेस्वार, वीस बाणदार, शंभर पायदळ, आठवड्याला बारा पौंड वेगळेच. पाचशे पौंड थकलेत, माणसांकडे जगायला काही नाही, त्यांना धरून ठेवणं मुश्किल झालंय. वेल्श लोकांवर भरवसा नको, हेही बजावलेलं. सही-शिक्क्याच्या खाली आणखी दोन ओळी येतात: देवाशपथ, पैसे लवकर पाठवा, नाहीतर आजवर केलेलं सगळं पाण्यात.

ऑफिसात ‘रिमाइंडर’ मेल लिहिलेल्या कुणालाही हा सूर ओळखू येईल. तुम्हाला तर पुढचंही ठाऊक आहे. राजाचं लक्ष आणि पैसा स्कॉटलंडच्या लढाईकडे वळला, दोनेक वर्षांत काम जवळपास थंडावलं. १३०६ मध्ये स्कॉट लोक इकडे उतरतील या धास्तीनं पुन्हा थोडी हालचाल झाली. मास्टर जेम्स १३०९ च्या सुमारास वारला. १३३० च्या आसपास सगळं थांबलं तेव्हा सुमारे १५,००० पौंड खर्च झाले होते आणि आतले बुरूज पूर्ण उंचीला पोचलेले नव्हते. १३४३ मध्ये राजाच्या माणसांनी येऊन पाहणी केली आणि उरलेलं पुरं करायला निदान ६८४ पौंड लागतील असा अंदाज दिला. १२९६ च्या दरानं हा पावणेतीन आठवड्यांचा खर्च. तो कुणी दिला नाही.